सगळे मंगळवारीच आजारी कसे पडतात?

माझा मामेभाऊ एमबीबीएस झाल्यावर बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष काढायला मेळघाटातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होता. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चार दिवस त्याच्याकडे राहायला गेले होते. सोमवारी ओपीडीत अठरा-वीस पेशंट आले असतील, बारानंतर व्हरांड्यात फक्त एक कुत्रं झोपलेलं. मंगळवारी सकाळी चहा घेऊन बाहेर येते तर अंगणभर माणसं, दीडशे तरी असतील, तापाने फणफणलेली पोरं, खरूज, खोकला, पोटुशी बायका, आणि पायरीवर एक म्हातारबाबा पायाला फडकं गुंडाळून बसलेले, कुऱ्हाड लागली होती, जखमेला वास यायला लागलेला. बुधवारी परत वीस पेशंट.

भाऊ म्हणाला, ताई पहिला महिनाभर मी जाम वैतागायचो, वाटायचं की ह्यांना यायचं असतं बाजाराला, आणि जाताजाता फुकटच्या गोळ्या घेऊन जातात. मंगळवार तिथला बाजाराचा दिवस. मग तिथल्या शिपाईकाकांनी, ते स्वतः तिथल्या कोरकू जमातीचे, त्याला एका वाक्यात समजावलं. साहेब, वरच्या गावांना जीप मंगळवारीच येते.

आदिवासी भागातल्या आरोग्यसेवेबद्दल मी नंतर बरंच वाचलं, ऐकलं, पण मला तो विषय खरा कळला तो ह्या जीपमुळे. आपण बोलताना म्हणतो की "तिकडे दवाखाना आहे पण लोक जात नाहीत". आणि तिकडे दवाखाना असतोच, बिल्डिंग असते, बोर्ड असतो, गोळ्याही बऱ्याचदा असतात. मग अडतं कुठे हे जरा सावकाश बघू.

आधी थोडे आकडे, कारण त्याशिवाय प्रकरण किती मोठं आहे ते लक्षात येत नाही. २०११च्या जनगणनेत देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या साधारण १० कोटी ४३ लाख, म्हणजे ८.६ टक्के. महाराष्ट्रात १ कोटी ५ लाखांच्या आसपास. केंद्र सरकारने २०१३ मधे गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली आदिवासींच्या आरोग्यावर एक तज्ज्ञ समिती नेमली, तिचा रिपोर्ट २०१८ मधे आला. त्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. लोकसंख्येत ८.६ टक्के असलेल्या ह्या समाजात देशातल्या मलेरियाच्या जवळपास ३० टक्के केसेस, आणि मलेरियाने होणाऱ्या मृत्यूंत वाटा ५० टक्क्यांच्या घरात. आता जंगलात डास जास्त म्हणून केसेस जास्त हे समजू शकतं. पण केसेस ३० आणि मृत्यू ५० हा जो फरक आहे ना, तो नुसता डासाचा नाही, तो गोळी वेळेत मिळाली की नाही ह्याचाही आहे. त्याच रिपोर्टमधे टीबीचं प्रमाण दर लाखामागे आदिवासींत ७०३ आणि इतरांत २५६ असं दिलंय. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं देशभरात हजारी ४२ च्या आसपास, अनुसूचित जमातींत ५०.

मग सरकारने काहीच केलं नाही का? केलं की. उलट कागदावर आदिवासी भागाला सवलत आहे. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,००० मागे एक. उपकेंद्र सपाटीला ५,००० मागे, इकडे ३,००० मागे. ऐकायला बरं वाटतं, पण गणित करून बघा. गडचिरोली जिल्ह्यात २०११ला दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं होती. म्हणजे २०,००० माणसं गोळा करायला किती जमीन लागेल, तर जवळपास २७० चौरस किलोमीटर. अख्ख्या राज्याची सरासरी, शहरं धरून, ३६५ होती, त्या हिशेबाने ३०,००० माणसं ८२ चौरस किलोमीटरमधे बसतात. आणि मुंबई उपनगरात तर वीस हजार माणसं एका चौरस किलोमीटरमधे राहतात, म्हणजे एक मोठी कॉलनी समजा. म्हणजे सवलत देऊनसुद्धा गडचिरोलीतल्या एका आरोग्य केंद्राच्या वाट्याला तिप्पट-सव्वातिप्पट मुलूख येतो. आणि हे सरासरीवर, भामरागडसारख्या तालुक्यात वस्ती अजून विरळ. केंद्र बरोब्बर मधोमध बांधलं तरी टोकाचं गाव सरळ रेषेत नऊ-साडेनऊ किलोमीटर पडतं. सरळ रेषेत कावळा जातो, माणसाला नाला ओलांडून, घाट चढून, वळसा घालून जावं लागतं. नियम माणसं मोजतो, मैल मोजत नाही, असं साधं म्हणू.

उपकेंद्राच्या नर्सताईंचंही तेच. ३,००० माणसं म्हणजे सपाटीला दोन-तीन मोठी गावं, स्कूटीवर सकाळी निघालं तर दुपारी जेवायला घरी. इकडे दीडशे-दोनशे माणसांचा एक पाडा किंवा टोला धरला तर तीच ३,००० माणसं पंधरा-वीस ठिकाणी विखुरलेली, त्यातल्या काहींना गाडीरस्ता नाही. एका पाड्यावर लस द्यायची म्हणजे व्हॅक्सिनचा डबा खांद्याला अडकवून चालायचं, आतल्या बर्फाचा जीव असेतो पोचायचं, तिथे पोचून कळायचं की आया शेतावर गेल्यात. मग परत कधी? पुढच्या महिन्यात.

पावसाळ्यात हे सगळं अजून वेगळं होतं. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका तुटतो, दरवर्षी बातमी येते, आपण वाचतो आणि पान उलटतो. नंदुरबारमधे अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात, नर्मदेच्या काठच्या गावांत तर सरदार सरोवर धरणाचं पाणी चढत आलं आणि काही पाडे पाण्याने वेढले गेले, तिथे दवाखाना बोटीतून न्यायची वेळ आली. आणि झोळी तर सगळीकडेच. बांबूला गोधडी नाहीतर लुगडं बांधायचं, आत पेशंट, दोघं खांदा देतात, चौघं मागून चालतात, दमले की पालटायचं. पेपरवाल्यांनी ह्याला "बांबूलन्स" असं नाव दिलंय, कुणाला सुचलं माहीत नाही पण हसू येत नाही. १०८ ची ॲम्ब्युलन्स २०१४ पासून राज्यात आहे, चांगली सेवा आहे, पण फोन लावायला रेंज लागते आणि गाडी यायला डांबर लागतं. गावात रेंजचा म्हणून एक दगड असतो, टेकडीवर, त्यावर उभं राहिलं की दोन कांड्या येतात. रात्री दोन वाजता बाळंतीण अडलीय आणि घरातला एकजण त्या दगडावर जाऊन उभा, हे चित्र डोळ्यासमोर आणा.

बाळंतपणाचंच उदाहरण घेऊन सगळी साखळी बघू, कारण त्यात वेळेचा हिशेब सगळ्यात क्रूर असतो. अभ्यासक माता मृत्यूंबद्दल बोलताना तीन उशीर सांगतात. घरी निर्णय घ्यायला लागणारा, दवाखान्यात पोचायला लागणारा, आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागणारा. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर बाई दोनेक तासांत हातची जाऊ शकते. आता पहिला उशीर धरा, नवरा मजुरीला बाहेरगावी, सासू म्हणते सकाळपर्यंत बघू. दुसरा उशीर, झोळी नाहीतर जीप, तासदीड तास. कसंबसं आरोग्य केंद्र गाठलं, नर्सने सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, पण रक्त द्यायची सोय तिथे नसते, मग रेफर. ग्रामीण रुग्णालयात गेलं तर भूलतज्ज्ञ नाही, मग परत रेफर. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, सेमाडोहचा जंगलातला घाटरस्ता, रात्रीची वेळ. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आपापलं काम केलेलंच असतं, कागदावर सही-शिक्का सगळं असतं. आपण मात्र सगळा दोष पहिल्या उशिरावर टाकून मोकळे होतो, "यांच्यात जागृती नाही" म्हणून. खरं तर पुढचे दोन उशीर बघूनच पहिला उशीर होतो. मागच्या वर्षी शेजारची बाई रेफर होऊन गेली आणि गाडीतून प्रेत आलं, हे ज्यांनी पाहिलंय ते सकाळपर्यंत बघू म्हणणारच.

आणि एक गंमत सांगते. "लोक येतच नाहीत" हे वाक्य आता आकड्यांतही टिकत नाही. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जमातींतली दवाखान्यात होणारी बाळंतपणं २०१५-१६ला ६८ टक्के होती, ती २०१९-२१ला ८२ टक्क्यांवर गेली. आशाताई घरोघर फिरल्या, जननी सुरक्षा योजनेचे पैसे आले, काही ठिकाणी गाडी आली, की बायका यायला लागल्या. दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायची माहेरघर योजना पण आहे राज्यात, कल्पना फार चांगली, पण आठ-दहा दिवस घर सोडून राहायचं तर मागे दोन पोरं, बकऱ्या आणि चूल कोण बघणार ह्याचं उत्तर योजनेत नसतं.

आता पैसे. सरकारी दवाखाना फुकट आहे ना, मग खर्च कसला? समजा तापाचं पोर घेऊन बाई निघाली. जीपचं जायचं-यायचं भाडं. तिची दिवसाची मजुरी बुडाली, सोबत नवरा आला तर त्याचीही. रोजगार हमीचा दर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता, म्हणजे दोघांचे सव्वासहाशेच्या आसपास गेले, एकदाच. मोठ्या पोराला सोबत आणलं तर त्याला हॉटेलात भजी. डॉक्टर म्हणाले रक्त तपासा, तपासणीचा माणूस आज नाही, उद्या या. उद्या या हे दोन शब्द आपल्याला काहीच वाटत नाहीत, तिला ते पुन्हा सहाशे रुपयाला पडतात. जिल्ह्याला ॲडमिट केलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन फुकट होईलही, पण रेशनकार्ड, आधार, नावातली एक वेलांटी चुकली की आधी ते नीट करून आणा. सोबतच्या माणसाचं दहा दिवसांचं खाणं, झोपणं, परत यायचं भाडं हे कुठल्याच योजनेत येत नाही. गावात परत आल्यावर कळतं की बैल विकला.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यात दुर्लक्षित वाटतो म्हणून जरा थांबते. आपल्याला वाटतं आदिवासी बोली म्हणजे मराठीचाच खेडवळ प्रकार. वारली, कातकरी ह्यांच्या बाबतीत निदान जवळचं नातं आहे, पण माडिया आणि गोंडी द्रविडी भाषा आहेत, तेलुगू-कन्नडच्या गोतावळ्यातल्या, आणि कोरकू तर त्याहून वेगळी, मुंडा कुळातली, तिचे नातेवाईक झारखंडात. लातूर-सोलापूरहून आलेला तरुण डॉक्टर आणि कोरकू आजी ह्यांच्यात एक शब्द सामाईक नसू शकतो. भावाच्या ओपीडीत मी बघत बसले होते. एक बाई बाळाबद्दल दोन-तीन मिनिटं बोलली, हाताने पोट दाखवलं, मान हलवली, काहीतरी मोजून दाखवलं. शेजारी उभा असलेला माणूस भावाकडे वळून म्हणाला, "जुलाब". बस्स, एवढंच. बाकी दोन मिनिटांत तिने काय काय सांगितलं असेल, किती दिवसांपासून, काय पाजलं, आधी एक पोर असंच गेलं का, काही कळायला मार्ग नाही. भावाने गोळ्यांची पुडी आणि ओआरएसचं पाकीट दिलं, पाकीट एक लिटरात कालवायचं हे मराठीत सांगितलं, एक लिटर म्हणजे किती हे दाखवायला टेबलावर भांडं नव्हतं. ती हो म्हणाली. सगळेच हो म्हणतात.

त्यात सूर. अजून का नाही आणलं, अंघोळ घालत नाही का, तुम्ही लोक असेच. हे बोलणारी माणसं वाईट असतात असं नाही, दिवसाला दीडशे पेशंट बघून कुणीही चिडेल, पण ज्याला ऐकावं लागतं तो घरी जाऊन सांगतो, आणि पुढच्या वेळी वहिनी येत नाही.

मग ती कुठे जाते? भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदू-मांत्रिकाकडे. मेळघाटात भूमका, नंदुरबारकडे बडवा, पालघरला भगत, गडचिरोलीत पुजारी. आपल्याकडे लगेच अंधश्रद्धा म्हणून शेरा मारतात. आता स्पष्ट बोलायचं तर तान्ह्या बाळाचं पोट फुगलं म्हणून तापलेल्या लोखंडाने चटके द्यायचे, ज्याला तिकडे डंबा म्हणतात, ते भयंकर आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही, पोरं मेलीत त्यात. पण भूमका रात्री दोनला उठतो. त्याची भाषा तीच. तो आधार कार्ड मागत नाही, रांगेत उभं करत नाही, अख्ख्या घरादाराला बसवून ऐकून घेतो, आणि पैसे नसतील तर कोंबडीवर भागतं. डॉक्टर मंगळवारी, भूमका रोज. त्यामुळे भूमकाला शिव्या देऊन काही होत नाही हे मेळघाटात काम करणाऱ्यांनाही कळलंय, भूमकांनाच सोबत घ्यायचं, त्यांनी पेशंट दवाखान्यात पाठवला तर मानधन द्यायचं, असेही प्रयत्न तिथे झालेत. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग ह्यांनी १९८५ च्या सुमारास काम सुरू केलं, पुढे दवाखाना काढताना त्यांनी लोकांनाच विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरं ऐकण्यासारखी होती. एवढ्या मोठ्या इमारतीत भीती वाटते. पांढरे कपडे घातलेली माणसं असतात, आमच्यात पांढऱ्यात मेलेल्याला गुंडाळतात. सोबतच्यांना बाहेर काढतात. देव नसतो. मग त्यांच्या शोधग्राम ह्या वसाहतीतला दवाखाना वस्तीसारखा झोपड्या-झोपड्यांचा झाला, नातेवाईक सोबत राहतील असा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं, लोकांच्या देवीचं. हे सगळं करायला फार मोठी मशीनरी लागत नाही, विचारावं लागतं, आणि उत्तर मनासारखं नसलं तरी ऐकावं लागतं. भामरागडच्या हेमलकशालाही प्रकाश आणि मंदाकिनी आमटे ह्यांनी १९७३ पासून पहिली वर्षं माडिया शिकण्यात घालवली, झाडाखाली पेशंट बघितले.

आता सिकलसेल, कारण ह्या आजारात सगळ्या अडचणी एकाच माणसाच्या अंगात दिसतात. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल चकतीसारख्या असतात, लवचिक, बारीक नळीतूनही सटकन जातात. सिकलसेलमधे हिमोग्लोबिनच्या साखळीत एक छोटासा दुवा बदललेला असतो, त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की पेशी वाकून विळ्यासारखी होते, कडक होते, आणि नळीत अडकते. जिथे अडकली तिथे असह्य दुखतं, हाडं, सांधे, छाती. आई-बाप दोघं वाहक असतील, म्हणजे हा गुण अंगात असेल पण आजार नसेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की बाळाला आजार होईल. वाहकांना स्वतःला सहसा त्रास नसतो, उलट मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली सगळीकडे आहे, आदिवासींत जास्त. बंग समितीच्या रिपोर्टप्रमाणे अनुसूचित जमातींत ८६ जन्मांमागे एका बाळाला.

ह्याला रोजची गोळी आहे, हायड्रॉक्सीयुरिया, तिने दुखण्याचे झटके कमी होतात. १ जुलै २०२३ ला केंद्राने मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचं टार्गेट. तपासणी जोरात होते, कार्ड मिळतं. पण तपासणी एकदाच करायची असते, गोळी रोज खायची असते, मधूनमधून रक्त तपासून डोस बघायचा असतो, आणि ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं की झटका कधीही येतो. म्हणजे हा आजार सांभाळायला नेमकं तेच लागतं जे तिकडे नाही, जवळचा, रोज उघडा असणारा, ओळखीचा दवाखाना. कार्ड खिशात आणि गोळ्या संपलेल्या, असं पोर बुधवारी कळवळायला लागलं तर काय करायचं?

कुपोषणाचं पण थोडं असंच. अंगणवाडीत बाळाच्या दंडाला एक रंगीत पट्टी लावतात, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर आला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. अशा मुलात गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस ठेवतात, उपचार खरंच चांगला असतो, पोरं उभी राहतात. पण चौथ्या-पाचव्या दिवशी आई निघून जाते, रजिस्टरमधे "न सांगता गेली" अशी नोंद. घरी दुसरं तान्हं असतं, भात लावणी असते. आणि दिवाळीनंतर तर अख्खं गावच जातं, मोखाडा-जव्हारकडची माणसं वीटभट्ट्यांवर, नंदुरबारची ऊसतोडीला गुजरातेत, मेळघाटची कुठे कुठे, आणि परत येतात ते होळीला, कारण कोरकूंचा मोठा सण होळी. ह्या चार-पाच महिन्यांत बाळाचं वजन, लसीकरण, आईची तपासणी कुणाच्या यादीत? गावच्या अंगणवाडीत नाव आहे पण बाळ नाही, भट्टीवर बाळ आहे पण नाव नाही. बरं, सगळे आदिवासी दूर जंगलातच राहतात असंही नाही, बंग समितीनेच दाखवलंय की निम्म्याहून जास्त आदिवासी हे आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात, रायगडच्या कातकरी वाड्या बघा, मुंबईपासून किती लांब आहेत? अशा बऱ्याच ठिकाणी आदिवासी भागाची २०,०००ची सवलतही लागू होत नाही.

डॉक्टर का टिकत नाहीत ह्यावर एक वेगळा लेख होईल. बॉण्डवाला वर्षात जातो, पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकाचा कंत्राटी डॉक्टर कंत्राट संपलं की जातो, भाषा यायला लागते तोवर बदली. वेल्समधल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या एका गावडॉक्टरने १९७१ मधे लिहून ठेवलंय की जिथे आरोग्यसेवेची गरज सगळ्यात जास्त तिथे ती सगळ्यात कमी मिळते, आणि सेवा बाजारावर सोडली की हे अजून वाढतं. योगायोग बघा, त्याच १९७१ला ऑस्ट्रेलियात सिडनीच्या रेडफर्न भागात तिथल्या मूळनिवासी लोकांनी स्वतःचा दवाखाना काढला, चालवणारे तेच, ठरवणारे तेच, कारण शहरात हॉस्पिटलं असूनही तिथे त्यांना माणसासारखं वागवत नव्हते. तिथे तर रस्तेही होते, रेंजही होती.

मग काय चालतं? गावातलंच माणूस चालतं, हे आता पुरेसं सिद्ध झालंय. गडचिरोलीत बंगांच्या टीमने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, बाळ उबदार ठेवणं, वजन करणं, श्वास कोंडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून अँटिबायोटिक देणं. त्याआधी न्यूमोनियाच्या कामात दाईंना मोजता येत नव्हतं तर मणी सरकवून श्वास मोजायचं साधन केलं, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठच्या वर श्वास म्हणजे धोका. शेजारच्या, ही सेवा नसलेल्या गावांशी तुलना केली तर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ला लॅन्सेटमधे छापून आलं, आणि २०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. डॉक्टर नाही, इन्क्युबेटर नाही, पाड्यावरची शिकवलेली बाई. तिला मात्र आपण पूर्ण पगार द्यायला तयार नाही, कामाप्रमाणे मोबदला, तोही महिनोन्‌महिने रखडतो आणि त्या मोर्चा घेऊन मुंबईला येतात तेव्हा आपल्याला ट्रॅफिक दिसतं.

भावाने त्याच्या परीने एक केलं. गरोदर बायकांची तपासणी ठरलेल्या वारी व्हायची, ती त्याने मंगळवारी घ्यायला सुरुवात केली, म्हणजे जीपने आल्या की बाजार आणि तपासणी एकाच फेरीत. बीपीच्या, सिकलसेलच्या पेशंटला एकदम दोन बाजारांच्या गोळ्या. गर्दीने कर्मचारी करवादले, वरून विचारणा झाली की ठरलेल्या दिवशीचा रकाना रिकामा का, पण बायका यायला लागल्या म्हणून ते चालून गेलं.

आणि ते पायरीवरचे म्हातारबाबा. भावाने जखम धुतली, मेलेलं कातडं कापलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक दिलं. केसपेपरवर "उशिरा आला" लिहिणार तेवढ्यात शिपाईकाकांना म्हणाला, विचारा कधी लागलं. काकांनी विचारलं. बुधवारी, म्हणाले. पेनाचं टोपण लावत भावाने त्यांना सांगितलं, एक दिवसाआड ड्रेसिंगला यायचं, विसरायचं नाही. बाबांनी मान हलवली. मी गुरुवारी घरी परतले, पुढच्या आठवड्यात फोनवर विचारलं तर म्हणाला, आले होते ना, मंगळवारी.